पारव्याच्या दोन हात पुढं

आमच्या शेतातल्या विहिरीत शंभरेक पारवे राहायचे, आणि महिनाभर रोज बंदूक घेऊन जाऊनही मला त्यांतला एकही मारता आला नव्हता. आज मी हे हसत सांगतो. तेव्हा कुणी हसलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायचो.

शिकारीची हौस मला नव्हतीच. हौस दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दोनाली बंदूक त्याची, परवाना त्याचा. राखणदार म्हणून त्यात माझं नाव होतं, ते निव्वळ कागदापुरतं. पोलीस अॅक्शननंतर सरकारनं जमा करून घेतलेली ती बंदूक परत मिळून दोन वर्षं झाली असतील. त्या साली दिवाळी सरली आणि दादाला लकवा मारला. टेंभुर्णीच्या बाजाराला निघायचं म्हणून सकाळी पटका बांधत होता. पटका हातातून सुटला आणि त्याच्या मागोमाग दादाही खाली बसला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बैलाचा सौदा करायला ज्यानं तोंड उघडलं की माणसं आपली कामं सोडून ऐकत उभी राहायची, तो नुसतं "न्हाई" म्हणायला लागला. पाणी पाहिजे असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई.

जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवला. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "हातापायाचं सांगता येत नाही. पण त्याला बोलतं ठेवा. बोलायचा प्रयत्न करत राहिला तर वाचा येईल. गप्प राहायची सवय लागली, तर मात्र अवघड आहे." हे मी वहिनीला सांगितलं. ती बिचारी दिवसभर त्याच्याशी बोलायची, पण ह्यानं भिंतीकडं तोंड केलं की केलं.

लकव्यावर पारवा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. पारव्याचा रस्सा पाजायचा आणि गरम रक्त लुळ्या अंगाला चोळायचं. मंठ्याला एक म्हातारे हकीम होते. मी त्यांना विचारायला गेलो, तर त्यांनी दाढीवरनं हात फिरवत फर्मान काढलं, "एकवीस पारवे लागतील. घरचं कबूतर बिलकुल चालणार न्हाई. रानातलाच पाहिजे, आन तो बी उडता मारलेला. बसल्या पाखराच्या रगतात गर्मी नसती."

घ्या! विहिरीवर जाळं टाकून एका सकाळी एकवीस धरता आले असते, ती वाटच बंद झाली. पण मला वाटलं, त्यात काय एवढं? गोफणीला मी गावात पहिला होतो. माळ्यावर उभा राहून पन्नास पावलांवरचं कणीस सांगून उडवायचो. जो गोटा मारतो त्याला बंदूक काय अवघड?

सकाळी गाडीत गवत घालून दादाला शेतात न्यायचो आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली बाजेवर निजवायचो. मग विहिरीत धोंडा टाकायचा. फडाफडा करत सगळा थवा वर यायचा आणि मी धाड्‌ धाड्‌ दोन्ही नळ्या रिकाम्या करायचो. पारवे रानावर एक चक्कर मारून जायचे. खाली पीससुद्धा पडायचं नाही. वहिनी तिथंच तीन दगडांच्या चुलीवर पाणी ठेवून बसलेली असायची. मी रिकाम्या हातानं आलो की त्याच पाण्यात डाळ शिजत घालायची. त्या डाळीचा मला फार राग यायचा.

पहिल्यांदा मी बंदुकीला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं. पण खरंच अंगण वाकडं आहे का, हे तरी बघायला नको? दादाच्या धोतरजोडीचं एक विटकं पांढरं पान होतं. ते मी दोन बाभळींमध्ये ताणून बांधलं आणि तीस पावलांवरून बार टाकला. जवळ जाऊन बघतो तर भोकं इतकी विरळ की मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरावीत. मी मोठ्या छऱ्याची काडतुसं वापरत होतो. डुकरासाठी दादानं ठेवलेली. मोठा छर्रा म्हणजे मोठा मार, एवढीच माझी अक्कल. घरात एक लग्नपत्रिका पडली होती, तिच्यातून मी पारव्याएवढा आकार कातरला आणि त्या भोकांच्या मधल्या जागेत ठेवून बघितला. एक नाही, चार ठिकाणी माझा कागदी पारवा एकही छर्रा न लागता आरामात बसत होता. मला इतकी गंमत वाटली की बायकोलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "लग्नपत्रिका होती ती. तिथी तरी बघायची."

बारीक छऱ्याची काडतुसं आणायला जालन्याला गेलो, नवीन जालना म्हणतात त्या भागात. आमचा कापूस घेणारे शेठजी तिथं राहायचे. दादाचे जुने स्नेही, पक्के जैन. त्यांच्या गच्चीवर रोज सकाळी पारव्यांना ज्वारी पडायची. काडतुसांची पिशवी मी मागं लपवली, पण त्यांनी ती बघायची तेवढी बघितली. म्हणाले, "भाऊ, तुमच्या दादाच्या नावानं मी रोज शेरभर दाणे जास्त टाकतो. बरा होईल." मी पिशवी उचलून निघालो. एकाच माणसाच्या लकव्यासाठी हे पारव्यांना जेवू घालणार आणि मी त्यांना गोळ्या घालणार. देवानं कुणाचं ऐकायचं? परतीच्या वाटेवर मी एवढाच विचार करत आलो.

नव्या काडतुसासाठी तेच पान पुन्हा टांगलं. आता भोकं दाट, कागदी पारव्याला कुठंही जागा नाही. चाळीस पावलांवर पुन्हा विरळ. म्हणजे तिसाच्या आतच मारायचं, हे कळलं. छाती फुगवून विहिरीवर गेलो, धोंडा टाकला, बार टाकले. पीससुद्धा नाही!

त्या दिवशी बाजेवरून आवाज आला. "फु... फुडं."

वळून बघतो तर दादा डाव्या हातानं हवा ढकलत होता. महिन्यात "न्हाई"शिवाय आलेला पहिला शब्द! "फुडं, फुडं!" मी म्हणलं, बराबर, लांब पडून राह्यलं. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढं जाऊन उभा राहिलो. चुकलं. दादा पुन्हा "फुडं". मी आणखी पुढं. असं करत करत तिसऱ्या दिवशी मी विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, जाऊन उभा होतो. पारवे वर आले ते माझ्या तोंडावरच आले आणि मी मागच्या मागं पाटात बसलो. दादानं डाव्या मुठीनं बाजेची माचवी बडवली. मग रागानं तो आपल्या डोळ्याकडं बोट दाखवायला लागला. उजवा डोळा त्याचा पुरता मिटत नव्हता. मला वाटलं आग होत असेल, म्हणून मी पळत जाऊन ओलं फडकं आणलं आणि डोळ्यावर ठेवलं. त्यानं ते फेकून दिलं आणि स्पष्ट बोलला, "गाढवा!"

वहिनी चुलीवरून उठून धावत आली. "काय म्हणले? काय म्हणले ओ भाऊजी?"

"मला गाढव म्हणला."

ती पदर तोंडाला लावून रडली. गाढव म्हणल्याचा एवढा आनंद मी तरी कुठं पाहिला नाही.

पण "फुडं" म्हणजे काय, हे माझ्या टाळक्यात शिरलं ते नदीवर. दुपारी पारवे डोहावर पाणी प्यायला यायचे. पलीकडं माणूस नाही, जनावर नाही. एक पारवा पाण्यालगत सरळ उडत चालला होता, त्याच्यावर मी बार टाकला. छर्रे पाण्यात पडले आणि पाणी उडालं, ते पाखराच्या चांगलं दोन हात मागं! मी बंदूक खाली ठेवून त्या विरत जाणाऱ्या वर्तुळांकडं बघत राहिलो. मी पारव्यावरच मारत होतो, आणि छर्रे पोचेपर्यंत पारवा तिथं थांबत नव्हता. त्यानं थांबावं तरी का? फुडं म्हणजे मी पुढं नव्हे. मार पुढं!

पळतच शेतात आलो. "दादा, पाखराच्या फुडं मारायचं, व्हय ना?" त्यानं कपाळाला हात लावला. बाप रे, किती दिवसांनी कळलं ह्याला, असा तो हात. मग मला सवयच लागली. एक बार टाकायचा आणि बाजेपाशी जाऊन विचारायचं. किती फुडं? एक डोळा मिटू का दोन्ही उघडे ठेवू? (ते डोळ्याचं बोट ह्यासाठी होतं. दोन्ही उघडे.) गाल दस्त्यावर दाबायचा का नाही? दादा एकेक शब्द ओढून काढायचा. "गाल... लाव." "माशी... बघू नको. पाखरू बघ." (माशी म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची घुंडी.) घामाघूम व्हायचा, पण सोडायचा नाही. नाही सांगता आलं तर शिव्या द्यायचा, आणि शिव्या मात्र एकदम साफ यायच्या. ह्याचं मला मोठं नवल वाटे. "पाणी" म्हणताना अडखळणारी जीभ "हलकट" म्हणताना अशी कशी सरळ होते? डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

पुढं मारूनही सगळेच बार चुकायचे. शेवटची गाठ सुटायला आणखी पंधरा दिवस गेले. मी नेम धरायचो. पाखराच्या पुढची जागा हेरायची, बंदूक तिथं आणून थांबवायची आणि मग घोडा ओढायचा. आपल्या भाषेतच आहे, नेम धरायचा. देवाचा नेम असो का बंदुकीचा, धरला की हलायचं नाही! दादा चिडून एकदा म्हणाला, "गोफण... थांबवतो का?"

खरंच की. गोफण थांबवून गोटा कोण सोडतो? हात फिरत असतानाच दोरी सुटते. इतकी वर्षं मी हातानं जे करत होतो, ते बंदूक हातात आली की विसरत होतो. दुसऱ्या सकाळी धोंडा टाकला, एक पारवा निवडला, त्याच्या मागून नळी फिरवत आणली, त्याला ओलांडलं आणि फिरता फिरताच घोडा ओढला. पारवा हवेतच गोळा झाला आणि तुरीत पडला. मी नाचलो. लाज काय सांगायची, बंदूक डोक्यावर धरून तीस वर्षांचा बाप्या नाचलो.

त्यानंतर माझा हात असा बसला की विचारू नका. रोज दोन, कधी तीन. एकवीस झाले. रस्सा पाजला, रक्त चोळलं. हात होता तसाच. हकीम म्हणाले, आणखी अकरा. मी म्हणलं, अकरा काय, एकतीस आणतो! धोंडा टाकायचा, दोन बार, दोन पारवे, की चाललो घरी. माझं मलाच कौतुक. येता-जाता माणसं थांबून बघायची. बाजेकडं बघायला मला सवड कुठं होती?

एके दिवशी पाखरं सोलता सोलता वहिनी वर न बघता म्हणाली, "भाऊजी, तुमचा नेम बसला आन ह्यांची वाचा बसली."

"म्हणजे?"

"आठ दिस झाले, एक शबुद न्हाई. घरी आले की भिताडाकडं तोंड."

मी हातातला पारवा खाली ठेवला. आठवून बघितलं. शेवटचं कधी बोलला होता? शिवी तरी कधी दिली होती? आठवेना. डॉक्टरांचे शब्द मात्र आठवले. मी चुकत होतो तोवर त्याला बोलायला काहीतरी होतं.

रात्रभर जागून एकच ठरवलं. कसं चुकवायचं हे तर आता मला पक्कं माहीत झालं होतं. सकाळी धोंडा टाकला, पारव्याच्या पुढं नळी नेली आणि थांबवली. धाड्‌. पारवा गेला. "च्यायला!" मी मोठ्यानं म्हणलो आणि हळूच बाजेकडं बघितलं. दादानं डोळे उघडले होते. दुसरा बारही तसाच. तो कोपरावर उठायची धडपड करायला लागला. मी मनात म्हणलं, आता देईल शिवी. काडतुसं भरली, दुसरा धोंडा टाकला, तिसऱ्यांदा चुकवलं.

"मुद्दाम चुकवून राह्यला व्हय रे? मला काय लेकरू समजतो?"

अख्खं वाक्य! एक नाही, दोन. दोन्ही वाकड्या तोंडानं, पण अख्खी. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण राग आला. कसला ते मलाही कळलं नाही. मी बंदूक उघडून काडतुसं काढली, जमिनीवर आपटली आणि ओरडलो, "मंग काय करू? नीट मारलं तर तू बोलत न्हाईस! आठ दिस झाले, का बोलत न्हाईस तू?"

दादा हसला असावा. त्याचं हसू अर्ध्याच तोंडावर यायचं, त्यामुळं नक्की सांगता यायचं नाही. मग एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "तू... इचारनं सोडलं."

मी तिथंच ढेकळात बसलो आणि रडलो. तो डाव्या हातानं माझं डोकं थोपटत राहिला. लुळा पडलेला माणूस धडधाकट माणसाला समजावत होता. मला काहीतरी विचारायचं होतं, काहीही, आणि डोक्यात एक प्रश्न येईना. शेवटी तोंडाला आलं ते विचारलं.

"दादा, तुला रे कुणी शिकवलं हे?"

ते सांगायला त्याला संध्याकाळ झाली.