सूरच्या बिऱ्हाडातली उघडी तोटी

हैदराबादच्या विमानतळावर आमची बॅग बाजूला काढली गेली. यंत्राच्या पडद्यावर तिच्यात एक मोठी, काळी, गोल वस्तू दिसत होती.

"ये क्या है?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"तवा है साहेब," माझा नवरा दत्ता म्हणाला. "बिडाचा."

"ओमान में तवा नहीं मिलता?"

"मिलता होगा. मगर अम्मा ने दिया."

या उत्तराला कुठल्याच देशाच्या कायद्यात तोड नसावी. त्यानं बॅग बंद केली. तवा, ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी घेऊन आम्ही तिघं निघालो : दत्ता, मी आणि आमची सहा वर्षांची ओवी.

दत्ता निलंगा तालुक्यातला. त्याला ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर, सूर गावाजवळ, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली होती. मी नांदेडची. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. चौथीत असताना मी बसस्थानकावर उभी राहून पाणीहक्काची पत्रकं वाटली आहेत, आणि न घेणाऱ्याच्या मागे धावलेही आहे. त्यामुळे आखातात जाताना मी मनाशी ठरवलं होतं, की तिथं राबणाऱ्या आपल्या माणसांवर होणारा अन्याय डोळ्यांनी बघायचा आणि लिहायचा. सोबत दोन कोऱ्या वह्या घेतल्या होत्या.

मस्कतहून सूरला जाणारा रस्ता उघड्याबोडक्या, तपकिरी डोंगरांमधून जातो. झाड नाही, गवत नाही. दत्ता म्हणाला, "आपला उन्हाळा बरा म्हणायचा." एवढ्यात एका वळणावर डोंगर संपले आणि समोर समुद्र आला. आमच्यापैकी कुणीच तो आधी पाहिलेला नव्हता. ओवीनं काचेला नाक लावलं.

"बाबा, एवढं पाणी कुणाचं हाय?"

"कुणाचंच न्हाई. खारं हाय."

"मग यांच्याकडं टँकर येत न्हाई?"

दत्ता हसला. पण टँकर येत होता. दर गुरुवारी निळा टँकर गल्लीत यायचा, जाड पाइप वर चढवायचा आणि अख्ख्या घराची मिळून एकच, गच्चीवरची टाकी भरून जायचा. आठ दिवस त्यावर काढायचे. लातूर-नांदेडच्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही न्हाणीघरात एक टिपाड (मोठं पिंप) आणून ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात आणखी एक.

घर दोन मजली, पांढरं. वर आम्ही. खाली मालकीणबाई, साठीच्या, एकट्या. सगळे त्यांना उम्म सालिम (सालिमची आई) म्हणत, मी अम्मा म्हणू लागले. सालिम मस्कतला असतो. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोलीत शाजी राहायचा. हा केरळचा ड्रायव्हर पहाटे बंदरावरून मासळी भरून पिकअप घेऊन बाजारात जायचा. खोली बंदरापासून चालत पाच मिनिटांवर आणि भाडं कमी. अशी खोली साऱ्या सूरमध्ये दुसरी नाही, असं तो सांगायचा.

अम्मांची ओळख भाकरीनं झाली. मी वर भाकऱ्या थापत होते, तर दार वाजलं. त्या जिना चढून दम खात उभ्या. बाजारात शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारलं,

"दीवार पे कौन मारता?"

मी पीठभरले हात दाखवले. त्या आत आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मार." मी थापली. त्यांनी तव्यावरची भाकरी फुगताना पाहिली, चटणी लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावून रखाल (तव्यावर पिठाचा गोळा फिरवून केलेली कागदासारखी रोटी) शिकवायला घेतली. माझ्या बोटांचे शेंडे पोळले. त्या इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. खुर्चीला त्या 'कुर्सी' म्हणतात, साबणाला 'साबून', दुकानाला 'दुक्कान'. आमच्याकडे निजामानं काय ठेवलं आणि काय नेलं यावर वाद आहेत, पण शब्दांचं हे ओझं तरी उपयोगी पडलं.

किनाऱ्यावर रोज नवं काही. शेळ्या वाळूत पसरलेल्या सुक्या मासळीवर ताव मारायच्या. दत्तानं हे त्याच्या वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "दूध कसं वास मारत आसंल रं?" लाकडी गलबतं बांधतात त्या आवारात आम्ही शुक्रवारी जायचो. ओवीनं पहिल्याच दिवशी चप्पल समुद्राला दिली. दुसऱ्या शुक्रवारी त्याच जागी उभी राहून ती चप्पल परत मागत होती.

आणि अन्याय? तो मी शोधतच होते. सापडला घरातच. शाजी रोज दुपारी पाइप लावून पिकअप धुवायचा. लातूरला माणसं घागर घेऊन रात्रंदिवस रांगेत उभी राहिलेली मी पाहिली होती आणि इथं गोडं पाणी गाडीच्या चाकावर! तीन दिवस मी गॅलरीतून बघत धुमसले. चौथ्या दिवशी वही काढली आणि पत्रक लिहिलं. हिंदीत, खाली फोनच्या मदतीनं अरबीत : 'पानी सबका है. जो पाइप से गाड़ी धोता है, वह पड़ोसी का पानी चुराता है.' जिन्याखाली, सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं.

दत्तानं वाचलं. "मुक्ता, ह्या घरात गाडी एकाकडंच हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे नावच लिव्हायचं की."

अम्मांना मात्र पत्रक फार आवडलं. त्यांनी शाजीला बोलावून त्यासमोर उभं केलं आणि बोट नाचवत बजावलं, "देखो. पढ़ो. और एक बार पानी बरबाद, तो कमरा खाली. खलास." दुसऱ्या दिवसापासून तो बादलीनं गाडी धुऊ लागला. मी वहीत तारीख टाकून लिहिलं : 'यश.'

पुढच्या गुरुवारी सकाळीच नळ कोरडे पडले. टँकर दुपारी येणार होता. शुक्रवारी अम्मांकडे मोठं जेवण होतं. सालिमला बघायला मुलीकडचे वीस-पंचवीस जण मस्कतहून यायचे होते, आणि अम्मा आठवडाभर मसाले निवडत होत्या. आम्ही दुपारी तीनला ओवीला घेऊन किनाऱ्यावर निघालो. निघताना दत्तानं न्हाणीघरात जाऊन, हाताला सवय असते तसं, रिकाम्या टिपाडावरची तोटी उघडी ठेवली.

आमच्याकडे ज्याच्या घरी नळ आहे तो असंच करतो. पाणी कधी येईल याचा नेम नसतो. तोटी उघडी ठेवून द्यायची. रिकाम्या टिपाडात धार पडली की असा आवाज होतो की झोपलेलं घर उठतं, गल्ली उठते. लहानपणी मला हा आवाज शाळेच्या घंटेसारखा वाटायचा. मी ती उघडी तोटी पाहिली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दार लावलं आणि आम्ही गेलो. आवाज ऐकायला घरात कुणीच नव्हतं.

परत आलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. अंगणात अम्मांचा आवाज चढलेला. शाजी पिकअपपाशी उभा होता, गाडी ओली, खाली वाळू ओली. टँकर चार वाजता येऊन गेला होता आणि टाकीत थेंब नव्हता. "कल मेहमान! और टंकी खलास!" अम्मा जिन्याखालच्या कागदावर हात आपटत होत्या. माझ्या कागदावर.

"चार बाल्टी, उम्म सालिम. सिर्फ चार," शाजी पुनःपुन्हा सांगत होता.

मी वर गेले. न्हाणीघराची फरशी ओली होती, साठवणीचं टिपाड आधीच भरलेलं, आता दुसरंही काठोकाठ, आणि तोटी उघडी. तिच्यातून आता काहीच येत नव्हतं. जमिनीतल्या भोकातून आठवड्याचं पाणी निघून गेलं होतं.

दत्तानं तोटी बंद केली, जणू आता त्यानं काही होणार होतं. मग हळूच म्हणाला, "गप ऱ्हा. परका मुलुख हाय. घर गेलं तर कुठं जावं?"

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. पण मी पलंगावर बसले. खालून भांड्यांचा आवाज येत होता. गॅलरीतून पाहिलं तर शाजी खोलीतली कढई, कुकर, गुंडाळलेली गादी पिकअपमध्ये ठेवत होता. मी परत येऊन बसले. ओवीच्या अंगावरची वाळू झाडली. तिची वेणी घातली. ती सोडून पुन्हा घातली. दीड तास गेला.

त्या दीड तासात एक गोष्ट मला दिसली आणि तिची लाज अजून जात नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलाच्या हिरवळीवर दिवसभर फवारे उडतात, ते मी रोज पाहत होते. त्यावर पत्रक काढायचं मला सुचलं नव्हतं. पत्रक वर बघून लिहायचं असतं. मी खाली बघून लिहिलं होतं, अख्ख्या घरात ज्याला सगळ्यात कमी बोलता येतं त्याच्यावर.

"मी जाते खाली," मी म्हणाले.

दत्ताही उठला. "चल. तोटी मीच उघडी ठेवलती."

अम्मा ओट्यावर बसल्या होत्या, शाजी गाडीत चावी लावत होता. मी सांगितलं, "अम्मा, पानी इसने नहीं, हमने गिराया."

"तुम ने? तुम समुंदर पे था."

"नल खुला रखके गए."

"खुला? क्यों?"

आता हे हिंदीत कसं सांगायचं! मी सांगितलं, दत्तानं सांगितलं, शेवटी ओवीनं रिकामी बादली आणली, तोंडानं धारेचा आवाज काढला, दचकून उठायचं सोंग केलं आणि धावत जाऊन दुसरी बादली आणली. अम्मा बघत राहिल्या.

"तुम्हारे मुल्क में सब लोग ऐसा करता?"

"सब, अम्मा."

"सब पागल," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. उठून मला जिन्याखाली नेलं. "ये किसने लिखा?"

"मैंने."

"तो इधर अपना नाम लिखो."

मी लिहिलं. हिंदीत, फोनवर बघून अरबीत आणि वर इंग्रजीतही लिहायला लावलं त्यांनी. मग शाजीकडे न बघता म्हणाल्या, "कढाई अंदर रखो. ठंडी हो जाएगी." रिकामी कढई थंडच होती, पण माफी मागायची ती त्यांची रीत असावी.

उरला प्रश्न पाहुण्यांचा. तो आमच्या टिपाडांनी सोडवला. दोन्ही मिळून चारशे लिटर. दत्ता वरून बादल्या भरून द्यायचा, मी जिन्यात, शाजी खाली. विसाव्या बादलीला मी म्हणाले, "शाजीभाई, मुझसे गलती हुई."

"चेच्ची (ताई)," तो म्हणाला, "मैं गिनके चार बाल्टी लेता था. आप गिनके बताओ, आपका कितना हुआ?"

शुक्रवारचं जेवण झालं. भात, भाजलेला मासा आणि एका मोठ्या ताटाभोवती बसलेली माणसं. मुलीकडच्यांना सालिम आवडला की मासा, ते कळलं नाही, पण होकार आला. अम्मांनी शाजीला हाताला धरून सालिमच्या शेजारी बसवलं. शनिवारी पाहिलं, तर माझ्या पत्रकाखाली, माझ्या तीन सह्यांखाली, मल्याळी अक्षरांत एक ओळ वाढली होती. काय लिहिलंय ते शाजीनं आजतागायत सांगितलेलं नाही. तो वाचतो आणि हसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी आलो. निघताना शाजीनं कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग पुन्हा कागदात बांधून सुका मासा दिला. "घर में सबको देना, चेच्ची." सासरी कुणी मासा खात नाही हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

बीदरहून निलंग्याची एसटी धरली. मे महिना, दुपार. औराद गेलं आणि पुडकं बोलू लागलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर नाकाला लावला. कंडक्टर नाक वर करून शोधत आला आणि एका म्हाताऱ्या मामांच्या पोत्यापाशी थांबला.

"ओ मामा, पोत्यात काय मेलंय?"

"सरकीची ढेप हाय बाबा. म्हशीला."

"ढेपीचा आसा वास येतोय व्हय?" बाई म्हणाली. "उतरवा त्यानला."

"आवो, ढेपच हाय, हात घालून बघा की!"

"पोतं दारात ठिवा, न्हाईतर म्होरल्या थांब्याला उतरा."

मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नांगरलेली रानं आणि ऊन. एक थांबा गेला. मामा पोतं ओढत दाराकडे निघाले. दुसरा थांबा गेला. मग मी उठले.

"मामा, बसा जागेवर. वास आमचा हाय. मासा हाय पिशवीत."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "निलंग्यात समिंदर आला का काय?" आणि हशा पिकला. बाई म्हणाली, "अगं माय, मग आधी बोलायचं की!" कंडक्टरनं पिशवी दोन बोटांनी धरून पुढं बोनेटपाशी नेली. मामांनी पोतं परत ओढलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठनं आणला गं मासा? कितीला?"

ओवीनं त्यांना समुद्र, चप्पल, शेळ्या, सगळं सांगायला घेतलं. मी बसून मोजत होते. सूरला खरं बोलायला दीड तास लागला होता. इथं दोन थांबे. सुधारणा आहे, पण मामांना पोतं ओढावं लागलं, तो एक थांबाही जास्तच झाला.