अमळनेरहून आणलेलं पांढरं सीरम

सेंट्रिफ्यूज थांबलं आणि मी नळ्या उजेडात धरल्या. रक्त गरगर फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. ते सीरम. माझ्यासमोरचं सीरम ताकासारखं पांढरं होतं. सगळ्या नळ्यांत, आणि दुसऱ्यांदा.

नमुने अमळनेरच्या जवरीलाल शेठजींच्या घरचे होते. वनस्पती तुपाचे ठोक व्यापारी. त्यांचे दोन भाऊ पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेले होते. तिसरा, मोतीलाल, चाळिशीत होता. कोलेस्टेरॉल घराण्यातून उतरतं का, हे मला तपासायचं होतं. शेठजींना मोतीलाल वाचायला हवा होता. पण आम्ही कोलेस्टेरॉल रंगाच्या गडदपणावरून मोजायचो. सीरम गढूळ तर आकडा खोटा. खाण्यातली चरबी रक्तात उतरली की ते गढूळ होतं, म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यायचं.

तेवढ्यात धुळ्याच्या माझ्या लॅबमध्ये मुंबईच्या प्रोफेसरांचा ट्रंककॉल आला. रंग मोजायचं मशीन मी त्यांच्याकडून उसनं आणलेलं.

"डॉक्टर, जिल्ह्याच्या गावात रिसर्च होत नसतो. मशीन परत पाठवा."

"एक महिना द्या."

"कशाला?"

"बरं, दोन रविवार. पाठवणीचा खर्च माझा."

"एक रविवार."

मी फोन आपटला. शिंप्याच्या घरातून डॉक्टर झालो, ते असलं ऐकायला नव्हे. तोच राग घेऊन शनिवारी संध्याकाळी एसटीने अमळनेरला गेलो.

"शेठजी, तुमची माणसं खाऊन बसतात आणि मला उपाशी म्हणून सांगतात."

शेठजी गादीवरून उठले. "आम्ही जैन आहोत, डॉक्टरसाब. सूर्य बुडाल्यावर या घरात कोणी पाणीसुद्धा घेत नाही. खोटं म्हणू नका."

"मग सीरम पांढरं का?"

"ते तुम्ही सांगा, शिकलेले तुम्ही. मुक्काम करा, डोळ्यांनी बघा."

राहिलो. खरंच कोणी पाण्यालाही हात लावला नाही. सकाळी ऊन थोडं वर आलं आणि शेठजींच्या आईने, माजींनी, माझ्यापुढे गरम दुधाचा ग्लास ठेवला. वर बोटभर तूप तरंगत होतं. घरातल्या सगळ्यांसमोर तसेच ग्लास.

"माजी, हे रोज?"

"रोज. कोठा साफ राहतो."

"मी रक्त घ्यायला येतो त्या दिवशीपण?"

"त्या दिवशी तर तूप जास्त घालते. एवढं रक्त जातं बेटा, ताकद नको?"

"मी विचारलं होतं, काही खाल्लं का म्हणून."

"खाल्लं कुठे? हे तर औषध आहे."

मी येत होतो दहाच्या सुमारास. तोवर तूप रक्तात पोचलेलं. "ग्लास खाली ठेवा, सगळ्यांनी," मी ओरडलो. मोतीलालने तोंडाला लावलेला ग्लास ठेवून दिला. पिशवीत सिरिंज होत्याच. पण शेठजी आडवे आले.

"एक अट. आकडे बाजारात जायचे नाहीत. घरात लग्नाच्या मुली आहेत."

"नाही जाणार. पण ज्याचा आकडा त्याला मी स्वतः सांगणार. बायकांनाही."

"बायकांचं रक्त कशाला?"

"अर्धं घर बघून मोतीलालला काय सांगू?"

"तुम्ही व्यापाऱ्याच्या गादीवर बसायला हवं होतं," शेठजी म्हणाले आणि त्यांनी स्वतःची बाही वर केली.

या वेळी सीरम करडईच्या तेलासारखं स्वच्छ निघालं. मोतीलालचा आकडा फार वर होता. एका पुतणीचाही. तिला तो मीच सांगितला. दोघांचं तूप बंद केलं, वनस्पतीसुद्धा. शेठजी आठ दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी करडईच्या तेलाची एजन्सी घेतली.

मोतीलालने पन्नाशी ओलांडली. अजून येतो आणि एक चमचा तुपासाठी माझ्याशी घासाघीस करतो. मी सोडत नाही.

घरच्यांची नावं गाळून आकडे मी मुंबईला पाठवले होते. त्यावरचा पेपर छापून आला तेव्हा वर प्रोफेसरांचं नाव होतं. माझं शेवटी, बारीक टाइपात, आभारात. मशीन मी अजून परत पाठवलं नव्हतं. मी ट्रंककॉल लावला. "नाव तुमचं राहू द्या. मशीन माझ्याकडे राहील." त्यांनी पुन्हा मागितलं नाही. तरी ते आभार मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी कोणालाही 'काही खाल्लं का' असं विचारत नाही. सकाळपासून घरच्यांनी औषध म्हणून काय पाजलं, ते विचारतो.