अर्ध्यावरचं शटर

आमच्या रस्त्यावर दिवसा कपडे-चपला विकल्या जातात आणि दिवेलागणीनंतर दारू. दुकानाचं शटर जमिनीला टेकलं की शेजारचा बार त्याच्यापुढे खुर्च्या मांडतो. शटर अर्ध्यावर असलं, तर मात्र आत माणूस काम करतोय असं समजायचं. खुर्ची ठेवायची नाही आणि वाकून डोकवायचंही नाही. हा नियम कोणी केला देव जाणे, पण दारुडे सोडून सगळे तो पाळतात.

चेनकाका या नियमाच्या जोरावर तगून होते. बॅगांच्या चेनी बदलायच्या, तुटलेले बंद शिवायचे, अडकलेला रनर पक्कडीनं दाबून सरळ करायचा, एवढाच त्यांचा धंदा. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना बाहेर यावं लागे. सकाळी आधी उंबऱ्यावरची ओकारी धुवायची, शिव्या हासडायच्या, मग मशीनला तेल. मी समोरच मोजे-रुमाल विकते, त्यामुळे त्या शिव्या मला पाठ आहेत.

बारवाल्याला तो गाळा हवा होता. "म्हातारा संध्याकाळी घरीच जातो, जागा फुकट पडून असते," असं त्यानं गाळ्याच्या मालकाच्या डोक्यात भरवलं. मालकानं काकांना बजावलं, संध्याकाळीही दुकान चालवा, नाहीतर मोकळं करा. झालं! काका हट्टाला पेटले. शटर अर्ध्यावर ओढून आत मशीन चालवू लागले. काम नसलं तर जुनीच चेन उसवून पुन्हा शिवत. काकू कळवळून म्हणायच्या, "अहो, जीव जाईल तुमचा."

"गाळा गेला तर जीव ठेवून काय करू? या वयात मला कोण कामाला ठेवणारे?"

 

त्या संध्याकाळी बारची गाणी सुरू झाली, वेटर खुर्च्या घेऊन ताटकळले. आतून ठोके येत होते. ठक, ठक, जरा थांबून पुन्हा ठक.

"आज हातोडी घेऊन बसलाय बघा. मुद्दाम!" बारवाला करवादला. मी हसले. काकांनी त्याच्या नाकात दम आणला याचा मला आनंदच झाला होता. मग ठोके थांबले.

काका फोन उचलेनात म्हणून काकू आल्या. त्यांना कसला आलाय रस्त्याचा नियम? सरळ वाकून आत शिरल्या आणि किंचाळल्या. काका मशीनच्या आड जमिनीवर पडले होते. एक अंग लुळं, तोंड वाकडं, डोळे उघडे. चालत्या हातात हातोडी होती. जमेल तेवढी त्यांनी शटरच्या बाजूची लोखंडी पट्टी ठोकली होती, आणि आम्ही सगळे शहाणे बाहेर उभं राहून ऐकत होतो. असा संताप येतो म्हणून सांगू! पण काढायचा कुणावर?

काका वाचले. लवकर आणलं असतं तर हात परत आला असता, असं डॉक्टर म्हणाले.

काल काकू आल्या. मशीन टेम्पोत चढवलं, शटर पूर्ण खाली ओढलं आणि किल्ली बारवाल्यापुढे धरली. तो मान खाली घालून म्हणाला, "राहू द्या काकू. काकांना बरं वाटू दे, मग सावकाश बघू."

"आजच घ्या," काकू म्हणाल्या. "मला पुन्हा यायला जमायचं नाही. त्यांना हाक मारता येत नाही, भिंत ठोकत बसतात. आणि ऐकायला घरात दुसरं कोणी नाही."