उजव्या हाताचा कठडा

माझ्या दाजींनी दोघींवर जीव टाकला: माझ्या ताईवर आणि एका गाडीवर. ताईला विचाराल तर ती क्रम उलटा सांगेल. गाडी म्हणजे दोन दारांची, गडद निळी, जमिनीला टेकल्यासारखी बसकी जर्मन स्पोर्ट्स कूपे. दाजींनी ती जुनीच घेतली आणि नव्यासारखी ठेवली. विकायला काढली तेव्हा जाहिरातीत त्यांनी ‘उत्तम ठेवलेली’ असं लिहिलं. ताई वरच्या खोलीतून ओरडली, “ठेवलेली आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, छापताय कशाला!”

दाजी कवळ्या बनवतात. समोरच्याच्या तोंडात डोकावण्यात त्यांचा जन्म गेला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत संसार आणि दुसरीत खिडकीशी लावलेलं कामाचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे. तळमजल्याच्या एकुलत्या एका खोलीत गाडी. उन्हाने डॅशबोर्डचा रंग उडेल म्हणून त्या खोलीची खिडकी दाजींनी विटांनी बुजवून टाकली होती. एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही, आणि मी तर सख्खा मेव्हणा.

मग ताई पडली. डावा खांदा आणि डावा खुबा, दोन्ही गेले. ती दवाखान्यात होती तेवढ्यात दाजींनी अंगणातला जुना लोखंडी जिना काढून नवा बांधून घेतला: रुंद, बुटक्या पायऱ्यांचा, एका अंगाला घराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला जाड कठडा. ताई घरी आली, उजव्या हाताने कठडा धरून सावकाश वर चढली आणि म्हणाली, “छान झालाय हो.” दाजींचे डोळे भरून आले. त्यानंतर ताई खाली उतरली नाही.

का उतरत नाहीस, असं विचारलं की “दुखतं रे” म्हणायची. गॅलरीतून रस्ता बघायची, भाजीवाल्याशी वरूनच हुज्जत घालायची. हळूहळू गॅलरीतही येईनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, यांना तळमजल्यावर ठेवा, दोन पावलं बाहेर टाकू द्या, नाहीतर या अंथरुणालाच खिळतील. तळमजल्यावर गाडी. म्हणून ती जाहिरात.

गिऱ्हाइकं आली. दाजी गाडीवरचं कापड असं उचलायचे की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा. पण कोणी एक चक्कर मारू म्हटलं की यांचं तोंड वाकडं. एकाच्या बोटात अंगठ्या होत्या, स्टिअरिंगला ओरखडे पडतील. दुसरा दार आपटून लावणारा वाटला. तिसऱ्याचा तर नुसता चेहराच आवडला नाही. मला संताप यायचा. वर बहीण भिंती मोजत पडली आहे आणि हा माणूस गाडीसाठी स्थळं नापसंत करतोय! रविवारची फेरीसुद्धा त्यांनी कधीच बंद केली होती. शटर उघडून इंजिन जागच्या जागी चालू करायचे आणि बंद करायचे. कंबर धरते, म्हणायचे.

शेवटी मीच चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना घेऊन आलो. अंगठ्या नाहीत, दार हळू लावतात, चेहराही बरा. त्यांनी गाडी मनापासून बघितली, हवी म्हणाल्या.

“काढा बाहेर, एक चक्कर मारू.”

दाजी नेहमीप्रमाणे काहीतरी पुटपुटले. माझा तोल गेला. “तुम्हाला ताई नकोय, गाडी हवीय. एकदा तोंडाने बोला तरी!”

 दाजी आत बसले, गाडी सुरू केली, अर्धी बाहेर आणली आणि थांबवली. पुढचं नाक जिन्याच्या खालच्या पायरीपासून हातभर अंतरावर होतं. पलीकडे कुंपणाची भिंत.

“वळत नाही,” ते म्हणाले. “जिना बांधल्यापासून वळत नाही.”

मला खाली मान घालावी लागली. मालकीणबाई पायऱ्यांकडे बघून म्हणाल्या, “खालच्या तीन-चार फोडल्या तर निघेल.”

“तिचा जिना आहे तो,” दाजी म्हणाले.

गॅलरीतून आवाज आला. ओरडा ऐकून ताई बाहेर आली होती आणि तिथल्या कठड्याला टेकून सगळं ऐकत होती. “फोडा. आधी मला खाली न्या आणि मग फोडा.”

दाजींनी आणि मी तिला खुर्चीत बसवून उतरवलं. खुर्चीत तिचा खुबा अवघडला आणि खाली बसायला दुसरी जागाच नव्हती. ती म्हणाली, “तिच्यातच बसवा. इतकी वर्षं तिच्या डोक्यावर राहिले.” गाडीची सीट इतकी खाली की ताई त्यात रुतलीच, आता आम्ही काढू तेव्हाच निघणार. शेजारच्या बांधकामावरून मी घण आणला. दाजींनी स्वतः मारला. निळ्या बॉनेटवर विटांचा चुरा उडत होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

दम खायला ते दारापाशी टेकले तेव्हा ताईने विचारलं, “बोलला का नाहीत इतके दिवस?”

“तू छान म्हणालीस ना जिन्याला. हे कळलं असतं तर तोडायला लावला असतास.”

ताईने फुटलेल्या पायऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “अहो, तो कठडा चढताना माझ्या उजव्या हाताला येतो. उतरताना डाव्या. डाव्या हातात माझ्या काही आहे का? उंदराच्या सापळ्यासारखा जिना तुमचा, आत जायचं तेवढं जायचं.”

दाजींनी खालून वर बघितलं, स्वतःचा उजवा हात उचलला, परत खाली घेतला. समोरच्याच्या तोंडात बघणारा माणूस. उजवं-डावं त्याने खालीच उभं राहून ठरवलं होतं.

“मग तू का नाही बोललीस?”

“तुमचे डोळे भरले होते.”

संध्याकाळी गाडी गेली. जाताना मालकीणबाईंनी ताईला शेजारी बसवून गल्लीला एक फेरी मारली. दाजी फाटकापाशी उभे राहून बघत होते. मग ताईचा पलंग तळमजल्याच्या खोलीत आला. शटर खाली घेतलं तशी खोली पार अंधारली, पेट्रोलचा वास कोंदला.

“इथेही कोंडणार का मला?” ताई म्हणाली.

दाजींनी घण उचलला. बुजवलेल्या खिडकीची खूण चाचपायला भिंतीपर्यंत गेले आणि थांबले. घण टेकवून परत आले, पलंगाच्या उशाशी गेले, ताईचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले आणि एक हात वर केला.

“खिडकीची कडी तुझ्या हाताला आली पाहिजे. हा तुझा उजवा ना?” त्यांनी विचारलं.