अर्ध्या तासाचं पाळणाघर

सत्तावीस वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आणि मी कोण, तर शेजारच्या घरात कुणाचं लग्न ठरायच्या आधी तीन मजल्यांवर ते पोचवणारी बाई! मग हेच कसं पोटात राहिलं? नवऱ्याला नाही सांगितलं. तो गेला, त्याच्या फोटोलाही नाही. लेकीला नाही, नातीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. बसा जरा. मीही बसते — सकाळपासून तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले. चहाच केलेला नाही अजून.

आधी नातीचं सांगते. (पळवाट आहे, कळतंय मला. तरी ऐका.) रेवा घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत आहे. तिचं काम काय, तर चांगल्या चांगल्या माणसांना तिथे नोकरी करावीशी वाटली पाहिजे. माल नाही विकायचा, कंपनीच विकायची — नोकरी शोधणाऱ्याला. एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हणतात त्याला. हे ती मला समजावत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करून बसले होते. अगं बाई, आम्ही वेगळं काय करत होतो?

मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. विजेचे छोटे स्विच जोडायचा कारखाना. बारीक काम, बायकांच्या बोटांचं. पंचेचाळिशीत आजी झाले होते, पण ऐट अशी की बघत राहावं! केसांना मेंदी, सोनेरी काडीचा चष्मा, हातात सदा एक फाईल — आत बहुतेक वेळा भाजीची यादी. साहेब बाहेरच्या लोकांना सांगायचे, "आमच्या बाई म्हणजे डोकं आहे." आणि मला ते खरं वाटायचं.

अडचण अशी होती की बायका टिकत नव्हत्या. मूल झालं की राजीनामा. नव्या येईनात. पेपरात जाहिरात दिली, चार अर्ज आले, त्यातला एक पुरुषाचा. तेव्हा मला सुचलं — हळदीकुंकू. हसू नका. संक्रांतीचे दिवस होते. डोंबिवलीत हॉल घेतला, कंपनीतर्फे हळदीकुंकू लावलं, आणि वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. झाकणावर कंपनीचं नाव कोरलेलं. डबा ओट्यावर राहतो, नाव रोज डोळ्यांपुढे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लबाडीला क्लास लावावा लागत नाही.

पण डब्यासाठी बाई नोकरीला येत नाही ना? तिचा पाय अडतो तो मुलापाशी. म्हणून मग फोटो.

तो फोटो कालपर्यंत आमच्या घरी हॉलमध्ये भिंतीवर होता. झोळी टांगलेली, खाली रंगीत चटई, लाकडी घोडा, दोन गुटगुटीत बाळं, पांढऱ्या साडीतली आया, आणि मधोमध लाल फ्रॉकमध्ये हसणारी अडीच वर्षांची रेवा. 'आमच्या कारखान्याचं पाळणाघर.' त्याचीच मोठी प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून हळदीकुंकवाच्या हॉलच्या दारात उभी केली होती. खोली आमची कॉन्फरन्स रूम होती. आया म्हणजे टेलिफोन ऑपरेटर. बाळं आमच्या सोसायटीतली, घोडा खालच्या मजल्यावरच्यांचा, आणि रेवाचं हसू आइस्क्रीमच्या बोलीवरचं. अर्ध्या तासात सगळं आवरलं, कारण पुढे साहेबांची मीटिंग होती. खऱ्या पाळणाघराचं विचारलं तर साहेब म्हणाले, "करू की पुढेमागे." मी पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही? फोटो छान आला होता.

त्या दिवशी बायका डबा काखेत धरून फोटोपुढे उभ्या. त्यांतली एक हलेचना. शैला. कडेवर चौदा महिन्यांची मुलगी. घराजवळच्या पतपेढीत कारकून होती, पगार बेताचा. पण दोन घरं सोडून सासू राहायची, ती मुलीला सांभाळायची. तिने मला गाठलं. म्हणाली, "मॅडम, फोटोतल्यासारखंच आहे ना? नाहीतर मी आहे ते सोडणार नाही."

माझ्या बोटाला कुंकू होतं. तिच्या कपाळाला बोट टेकवत मी म्हटलं, "अगं, माझी सख्खी नात असते तिथे. ती बघ, लाल फ्रॉकवाली."

झालं. एवढंच. एका वाक्यात बाईने नोकरी सोडली.

कामाच्या पहिल्या दिवशी ती मुलीला घेऊनच आली — खांद्याला पिशवी, पिशवीत दुधाची बाटली, दुपटी, कपड्याची एक बाहुली. मी खिडकीतून पाहिलं. आणि तुमची ही डोकेबाज बाई काय करते? उठते आणि संडासात जाऊन कडी लावते! वीस मिनिटं. फाईल घेऊन! बाहेर ऑपरेटर — तीच, फोटोतली आया — तिला सांगत होती, काम चालू आहे, पंधरा दिवस लागतील. शैलाने तिला ओळखलं असेल का? मला कधी विचारायचं धाडस झालं नाही.

महिन्याभराने तिनेच विचारलं, तेव्हा मी दुसरं खोटं बोलले. पहिल्यापेक्षा वाईट. "तू यायच्या महिनाभर आधीच बंद झालं गं. पुन्हा उघडायचं होतं, पण मुलंच कमी पडली." ती म्हणाली, "माझं असंच असतं, मॅडम. मी पोचते आणि दार लागतं." ते ऐकून मी काय केलं? मान हलवली. सहानुभूतीने.

पुढे सासू एका हाताने अधू झाली, दिवसभराचं मूल तिला झेपेना, आणि घराजवळच्या पतपेढीतली जागा तर कधीच भरली होती. मुलगी कोकणात गेली, शैलाच्या आईकडे. साडेपाच वर्षं. शैला गणपतीला आणि मे महिन्यात भेटायची. मुलगी आजीला आई म्हणायची, आणि हिला 'डोंबिवलीची आई'. हे मला शैलानेच सांगितलं, हसत हसत, तिळगूळ माझ्या हातावर ठेवताना. दर संक्रांतीला माझ्या टेबलाशी यायची. आता मेसेज पाठवते. सत्तावीस वर्षं गोड बोलतेय माझ्याशी.

आणि घरी? घरी मी तो फोटो फ्रेम करून लावला. कारखान्यात बघायला कोण येणार होतं? रेवा लहानपणापासून सगळ्यांना सांगते, मी आजीच्या पाळणाघरातली पहिली मुलगी. मी तेव्हाही मान हलवायचे.

परवा रेवाने तो फोटो त्यांच्या कंपनीच्या पानावर टाकला. मूल झाल्यावर नोकरी सोडलेल्या बायकांनी परत यावं, अर्ज करावेत म्हणून. वर लिहिलं, 'माझ्या आजीने नोकरी करणाऱ्या आयांचा विचार तेव्हा केला, आम्ही आज करतोय.' मला दाखवलं. खाली लोकांचे लाल बदाम, मोजता येईनात इतके.

काल शैलाचा मेसेज आला. 'मॅडम, फोटो बघून डोळे भरून आले. माझ्या लेकीला आठ महिन्यांचं बाळ आहे. आता जिथे आहे तिथे ते घरून काम करू देतात, पण पगार कमी. तुमच्या नातीच्या कंपनीत अर्ज केला होता, नोकरीला बोलावलंय. तिथे पाळणाघर आहे ना? तुम्ही सांगितलंत की ती इथला राजीनामा देईल.'

मी रेवाला फोन केला. "काय गं, तुमच्याकडे पाळणाघर आहे?"

"प्रोसेसमध्ये आहे, आजी."

"म्हणजे आहे का नाही?"

"अगं, होणारच आहे! तू कुणाला काही बोलू नकोस हां, आत्ता कुठे अर्ज यायला लागलेत."

हे वाक्य माझं आहे. आवाज तेवढा तिचा. तिला काय रागावू? तोंड आहे मला?

रात्रभर कूस बदलत होते. सकाळी फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे चमच्याने उचकटले, फोटो काढला. पाठीला फोटोग्राफरने चिकटवलेली चिठ्ठी — माझंच अक्षर, निळ्या शाईत, त्याला दिलेली सूचना. ती आहे हे मला माहीत होतं. ती झाकली जावी म्हणून तर फ्रेम केली होती.

'कॉन्फरन्स रूम. दुपारी दोन ते अडीच. नंतर खुर्च्या परत लावणे.'

मघाशी त्या पाठीचा फोटो काढून शैलाला पाठवला. खाली लिहिलं, 'लेकीला राजीनामा देऊ देऊ नकोस. तिथे पाळणाघर नाही. आपल्याकडेही कधीच नव्हतं. तुझ्या आधी बंद झालं हे मी खोटं सांगितलं.' मग तेच रेवालाही पाठवलं.

शैलाने वाचलंय. दोन निळ्या खुणा दिसतायत. लिहितेय असं मधेच येतं, मग जातं. पुन्हा येतं. मी हॉलमध्ये बसलेय, फोन समोर ठेवून. संडासाचं दार उघडंच आहे.