मरणाचं प्रकरण मोठ्यानं वाचताना

शनिवार, ८ नोव्हेंबर. एसीच्या जाळ्या धुवायला काढल्या होत्या. दुबईतल्या आमच्या अल कुसैस भागातली धूळ आठवडाभरात त्यांच्यावर गोधडीसारखी बसते. हात साबणात असतानाच आमच्या वाचन मंडळातल्या धाकटीचा फोन आला.

“ताई, संध्याकाळी दुसरं काहीतरी वाचू या ना? हलकंफुलकं. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे.”

“आणि सांगायला तुला पुढे केलं?”

“हो ना,” ती म्हणाली.

मंडळ माझ्या मैत्रिणीनं सुरू केलेलं. कादंबरीचा शेवट मोठ्यानं वाचायचा, आवाज कापरा झाला की पुस्तक शेजारी बसलेलीकडे द्यायचं, हा नियमही तिचाच. आणि ही कादंबरीही तिनंच निवडलेली, कॅन्सरनं मरणाऱ्या एका बाईची. हाताला केमोची सुई असताना ती हीच वाचायची आणि मला फोनवर तक्रारी सांगायची. “ही मरताना काय सुरेख बोलते गं! मला तर आमसुलाच्या सारापलीकडे काही सुचत नाही. लेखकाला कधी उलटी झालेली नसावी.”

सप्टेंबरात ती गेली. आता तिची कादंबरी बाजूला ठेवली, तर तिचा विषय निघाला की आम्ही आवाज खाली करणार, आणि वर्षभरात विषयच निघेनासा होणार. मला ते चालणार नव्हतं.

“तेच वाचायचं. खलास.”

संध्याकाळी सगळ्या माझ्याकडे जमल्या. शेवटच्या प्रकरणात नायिका चांदण्याकडे बघत पानभर बोलते. माझा आवाज कापरा झाला. पुस्तक कुणाला दिलं नाही. पाणी प्याले आणि पुढे वाचलं. संपल्यावर म्हणाले, “हे खोटं आहे. आपण पाहिलंय, असं नसतं.”

मग धाकटी म्हणाली, “ती तर मोडक्या मलयाळममध्ये नर्सशी भांडत होती, चहात आलं का नाही म्हणून.”

सगळ्या हसल्या. माझ्या शेजारी बसलेली मात्र उसळली, “खोटं असेना! मला बरं वाटलं ऐकून. सगळ्यांना तुमच्यासारखं खरं पचत नाही.”

मग जे भांडण जुंपलं! गेलेल्या मैत्रिणीची नक्कल झाली, तिच्याच बाजूनं दोघी एकमेकींविरुद्ध बोलल्या. “मॉम, आय हॅव अ टेस्ट!” ओरडून माझ्या लेकीनं आतल्या खोलीचं दार आपटलं. मला मंडळाचा अभिमान वाटला. मैत्रिणीनं आम्हाला लावलेली ही भांडायची खोड तिच्या मागेही शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याला फोन करून कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलं, आणि तिच्या कपाटातली पुढची कादंबरी आणायला गाडी त्यांच्या घराकडे, दुबई मरीनाला काढली.