लाल भाताचं ताट

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका बंगल्यावर कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून तिथल्या मालकिणीनं फोन माझ्या कानाशी धरला. बाईंचा भाचा मिलिंद म्हणाला, "शांतामावशी, आत्या सकाळी गेली..." मालकिणीसमोर रडायची लाज वाटली. पोळ्या केल्या, ओटा पुसला आणि मगच निघाले. त्याला आता दीड महिना झाला. बाईंना सांगायचं राहिलं ते या वहीत लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. चुका दाखवायला आता बाई नाहीत.

बाई लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मी वलवणहून त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचे. निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणाल्या, "शांता, जन्मभर नकाशावर बोट फिरवलं. गुडघे आहेत तोवर शेजारचे दोन देश तरी बघते. सोबतीला चल." घरी नवरा "जा" म्हणाला. जाऊ मात्र म्हणाली, "फॉरेनला चालली व्हय? लाटणं घे बरुबर. तितं बी पोळ्याच लाटशील!"

नेपाळात मला परकं वाटलंच नाही. देवळं, घंटा, झेंडूच्या माळा... काठमांडूच्या हॉटेलात वेटर मला "दिदी" म्हणून वाढायचा आणि मी मान खाली घालून जेवायचे. मग भूतान. वेशीवरच्या कमानीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, हॉर्न, हातगाड्या, चिखल, आणि कमान ओलांडली की एकदम शांत. डोंगर तर असे, की तिकोण्यासारखे दहा गड एकावर एक रचले तरी पुरायचे नाहीत. पण उतारावरची भाताची खाचरं दिसली आणि मी गाडीतच ओरडले, "बाई, आपलं मावळच की ओ हे!" बाई किती वेळ हसत होत्या.

पारोच्या खोऱ्यात आम्ही एका शेतकरणीच्या घरी उतरलो. ती माझ्याच वयाची असेल. तिनं लाल भात आणि चीज घातलेली मिरच्यांची भाजी वाढली, दोन्ही हातांनी ताट माझ्यापुढं धरलं. चीजचा तो उबट वास, आढ्याला टांगलेल्या मांसाच्या वाळक्या पट्ट्या, तिच्या नखांतली माती... मला किळस आली. खरं तेच लिहिते. माझ्या नखांत तरी दुसरं काय होतं? आमच्या इंद्रायणी तांदळाचा तोराही असेल. मी गाडीवाल्याला म्हटलं, "उनको बोलो, मेरा उपास है."

त्यानं सांगितलं. तिचंच काही चुकल्यासारखं तिनं ताट मागं घेतलं. मग विचारलं, उपासाला काय चालतं? बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. माझे उपासाचे वार त्यांना पाठ होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आलू चलता है." तिनं एक पातेलं राखेनं पुन्हा पुन्हा घासलं, त्यात नुसते बटाटे उकडले, आणि मी खाईपर्यंत स्वतः घास घेतला नाही. बाई मात्र डोळ्यांतून पाणी येत असताना तिची भाजी बोटानं पुसून संपवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागं उभी राहून पिशवीतला चिवडा खात होते. गवताचा भारा घेऊन ती अचानक कोपऱ्यावर आली. नजरानजर झाली. तिनं तोंड फिरवलं आणि लांबच्या वाटेनं घरात गेली, मला अवघड वाटू नये म्हणून. लोणावळ्यात एका बंगल्यावर माझा कप वेगळा असतो, मोरीपाशी उपडा घातलेला. तो उचलताना काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. तरी मी तसंच वागले. निघताना तिनं गरम बटाट्यांचं पुडकं माझ्या हातात दिलं. तिच्या तोंडावर मी टोमणा शोधला... नव्हता.

गाडीत बाईंनी विचारलं, "सुटला का गं उपास?"

"व्हय," मी खिडकीबाहेर बघत म्हटलं.

त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. गावात मी डोंगर सांगितले, नदी सांगितली, घरांच्या छपरांवर वाळणाऱ्या मिरच्या सांगितल्या. हे नाही सांगितलं. बाईंना तरी सांगावं असं रोज वाटायचं. रोज पोळ्या व्हायच्या आणि मी घरी यायचे. शेवटी शेवटी त्या पडून असायच्या, मी पाय चेपायचे, आम्ही दोघीच असायचो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

मागच्या रविवारी मिलिंद घर आवरायला आला. ओट्याशेजारी बाईंची वेताची खुर्ची तशीच होती. मी लाटत असले की त्या तिथं बसून पत्रं लिहायच्या. मिलिंद म्हणाला, "मावशी, आठवण म्हणून काय नेता? मिक्सर न्या, चांगला आहे." मी म्हटलं, "त्यांची पत्त्यांची वही द्या." दर नव्या वर्षाला बाई पारोला कार्ड धाडायच्या. पाकिटाला डिंक मी लावायचे, पण त्या शेतकरणीचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. पत्ते सगळे इंग्रजीत. मी त्याला भूतानचं पान काढायला लावलं.

"पेमा," त्यानं वाचलं. "यांच्याकडे राहिला होतात ना तुम्ही? आत्या त्या जेवणाचं फार कौतुक करायची."

"मी जेवले न्हाई तितं."

"का? उपास होता?"

मी खुर्चीकडे बघितलं.

"न्हाई," म्हटलं. "उपास नव्हता."